तिघांचा मेळ

हल्ली मोठ्या शहरांतून एक नवी रीत दिसू लागली आहे. तीनचार गुणी कलावंत एकत्र बसतात, विजेवर चालणारे कोणतेही वाद्य जवळ घेत नाहीत, आणि आयर्लंडातील कोळ्यांचे, बाल्कन डोंगरांतील मेंढपाळांचे, मारवाडातील मांगणियारांचे गाणे एकाच बैठकीत ऐकवितात. या प्रकारास ‘जागतिक संगीत’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव मात्र फार जुने नव्हे. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधील एका पानगृहात काही छोट्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांची मंडळी जमली. परदेशी गाण्यांच्या तबकड्या दुकानदाराने कोणत्या खणात ठेवाव्यात, ही त्यांची अडचण होती. ती निवारण्यासाठी त्यांनी हे नाव मुक्रर केले. तेव्हा संगीताच्या इतिहासापेक्षा दुकानाच्या फडताळाशीच त्याचे नाते अधिक जवळचे आहे असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु दोनतीन माणसे, हातात मावतील एवढी वाद्ये आणि त्यांच्या आधाराने उभे केलेले एक अख्खे जग, ही कल्पना कोणत्याही कंपनीची नव्हे. ती किती जुनी आहे आणि किती विचारपूर्वक घडविलेली आहे, हे पाहावयाचे असेल तर लंडनला जाण्याचे कारण नाही. म्हैसूरच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर असलेल्या सरगूरच्या मुलुखात जावे.

सरगूर हे कपिला ऊर्फ कबिनी नदीकाठचे गाव. पूर्वी ते हेग्गडदेवनकोटे तालुक्यात मोडत असे. अलीकडे त्यास स्वतंत्र तालुक्याचा मान मिळाला आहे. नदी केरळातील वायनाडातून येते, आणि पुढे नंजनगूडच्या श्रीकंठेश्वराचे चरण धुऊन तिरुमकूडलूपाशी कावेरीस मिळते. एका अंगास बंडीपूरचे आणि दुसऱ्या अंगास नागरहोळेचे अरण्य. त्या अरण्याच्या कडेने जेनुकुरुब आणि काडुकुरुब यांच्या वस्त्या. जेनु म्हणजे मध, काडु म्हणजे रान; नावातच वृत्ती सांगितलेली आहे. जंगलखात्याच्या अधिकाऱ्यांस हा मुलूख ठाऊक असतो तो इमारती लाकडामुळे आणि हत्तींमुळे. जवळच्या काकनकोट्याच्या रानात म्हैसूरचे राजे हत्ती पकडण्याचे प्रसिद्ध खेड्डे भरवीत, आणि बडे पाहुणे ते पाहण्यास येत. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. त्या पाहुण्यांच्या वर्णनांतून हत्ती आहेत, माहूत आहेत, शामियाने आहेत. रात्री खेड्यातल्या ओट्यावर चालणारे गाणे मात्र सहसा नाही. ज्यास दिवसा हत्ती पाहावयाचे असतात तो रात्री लवकर निजतो, असे म्हणून ते सोडून देऊ.

म्हैसूर, मंड्या आणि चामराजनगर या तीन जिल्ह्यांच्या मुलुखात असे गाणे सांगणारे दोन पंथ आहेत. एक मंटेस्वामीचे नीलगार, आणि दुसरे मलेमहादेश्वराचे देवरगुड्ड. दोघेही दीक्षा घेतलेले, दोघेही भिक्षेच्या व्रताने बांधलेले, आणि दोघांच्याही मुखी एकेक महाकाव्य. ‘महाकाव्य’ हा शब्द येथे गौरवाने वापरलेला नाही; मोजमाप म्हणूनच वापरला आहे. ही काव्ये एका रात्रीत संपत नाहीत.

प्रथम नीलगारांचा मेळ पाहू. पुढारी गायकाच्या उजव्या खांद्यावर तंबुरी असते. दरबारी तंबोऱ्याचीच ही धाकटी बहीण, पण बैठकीत मांडीपाशी उभी राहणारी नव्हे, तर खांद्यावर बसून रस्त्याने चालणारी. उजव्या हाताची बोटे तिच्या तारा छेडतात. डाव्या हातात गग्गर असते. गग्गर म्हणजे धातूचे पोकळ कडे, ज्याच्या पोटात खडे किंवा गोळ्या घातलेल्या असतात. हात हलला की ते खळखळते आणि लय धरते. म्हणजे सूर उजव्या हातात, लय डाव्या हातात आणि कंठ मोकळा. एका माणसाच्या देहाची याहून काटकसरीची वाटणी कोणास सुचेल असे वाटत नाही. त्याच्या मागे दोघे किंवा तिघे असतात. एकाजवळ दम्मडी, म्हणजे चामडे ताणलेले लहानसे कडे, दुसऱ्याजवळ टाळ. या मागच्यांस कानडीत ‘हिम्मेळ’ म्हणतात. शब्दार्थ अगदी सरळ आहे : मागचा मेळ.

येथवर वाचून मराठी वाचकाच्या मनात काही जागे झाले नसेल तर नवल. दम्मडी आणि वाघ्याची दिमडी यांत अंतर आहे ते फार तर उच्चाराचे. खांद्यावरची तंबुरी म्हणजे आपल्या तुणतुण्याचे थोरले रूप. आणि हिम्मेळ म्हणजे आपले झीलकरी. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी तिचा शेवट उचलून ‘जी जी’ करीत आभाळास भिडवावा, हे ज्याने एकदाही ऐकले असेल त्यास नीलगारांच्या मेळाचा सांगाडा समजावून सांगावा लागत नाही. भाषा तेवढी समजून घ्यावी लागते. गोंधळ्यांच्या संचात संबळ, तुणतुणे आणि झांज एवढ्यावर देवीची सारी आख्याने रात्रभर उभी राहतात. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालापासून चालत आला तो डफ-तुणतुण्याच्या सोबतीने. आणखी पुढे जाऊन पाहिले तर उत्तर कर्नाटकातील ‘गीगी पदां’चा फड आणि आपला लावणीचा फड यांच्या वाद्यांत भेद करणे कठीण, आपल्याकडील कलगी-तुरा तेथे हरदेशी-नागेशी या नावाने नांदतो. राज्यांच्या सीमा १९५६ साली आखल्या गेल्या. तुणतुण्याने त्या अद्याप मानलेल्या नाहीत.

‘कंसाळे’ या शब्दाचेही तसेच. मलेमहादेश्वराचे गुड्ड जे वाद्य वाजवितात त्याचे हे नाव. कांस्यताल हे त्याचे मूळ, म्हणजे आपल्या काशाचे आणि कासाराचे गोत्र तेच. कंसाळ्याची जोडी सारखी नसते. डाव्या हातात वाटीसारखा खोलगट भाग; उजव्या हातात सपाट तबकडी, तिला दोरी व गोंडा. तबकडी वाटीवर आपटली की टाळाचा नाद निघतो. दोरीने गरगरा फिरवून आपटली की त्यास ‘बीसु कंसाळे’ म्हणतात, आणि मग गाण्याचे नृत्य होते. गुड्डांच्या गळ्यात रुद्राक्ष, खांद्यास झोळी. हालुमत कुरुब म्हणजे धनगर, बेड, उप्पलिग, ओक्कलिग अशा कष्टकरी जातींतून हे लोक येतात. नीलगारांत दलित घरांतील माणसे पुष्कळ. ही गोष्ट नुसती जनगणनेच्या उपयोगाची नाही. काव्यांत काय आहे हे कळण्यास ती आवश्यक आहे.

मंटेस्वामीची कथा सुरू होते ती आपल्या दाराशी. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याण नगरीत शरणांची अपूर्व मांदियाळी जमविली. ते कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. महाराष्ट्राची हद्द तेथून हाकेच्या अंतरावर आहे. शरणांच्या चळवळीचा इतिहास आपण वाचतो तो वचनांवरून, शिलालेखांवरून आणि कलचुरी बिज्जळाच्या कारकीर्दीवरून. नीलगार तो निराळा सांगतात. त्यांच्या कथेत कल्याणात १ लाख ९६ हजार जंगमांची पंगत नित्य उठते, आणि त्या वैभवाच्या वेशीवर एक किळसवाणा, घाणीने माखलेला, हाती मद्याचे भांडे घेतलेला माणूस येऊन उभा राहतो. द्वारपाल त्यास हटकतात. भक्तजन नाके दाबतात. हाच मंटेस्वामी, ‘धरेला थोर असलेला’ परंज्योती. कल्याणात समता नांदते असे सांगतात, तर ती माझ्यापुरती आहे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. परीक्षेस उतरतात ते फार थोडे. मग गुरू कल्याण सोडतो आणि दक्षिणेची वाट धरतो.

परंपरा मंटेस्वामीस साधारणपणे पंधराव्या-सोळाव्या शतकात ठेवते, म्हणजे बसवेश्वरांनंतर तीनशे वर्षांनी. काळाच्या या घोटाळ्यावर बोट ठेवून कथा खोटी ठरविणे सोपे आहे, आणि तसे करणारे विद्वान सर्वत्र असतात. पण कथा सांगणारा सनावळी सांगावयास बसलेला नाही. थोर चळवळीच्या उंबरठ्याबाहेर जे राहिले त्यांनी त्या चळवळीचा मांडलेला हा हिशेब आहे. दप्तरांत असा हिशेब सापडत नाही, कारण दप्तर लिहिणारा उंबरठ्याच्या आत असतो. आपल्याकडे चोखोबाच्या अभंगांवाचून पंढरीचा इतिहास जसा अपुरा, तसा मंटेस्वामीवाचून कल्याणचा अपुरा, असे माझे मत आहे.

पुढची कथा सिद्धप्पाजीची. तो निडुघट्ट गावच्या लोहाराचा मुलगा. गुरू त्यास घरातून मागून घेतो, कठोर परीक्षा घेतो, आणि मग हलगूरच्या पांचाळांकडे लोखंडाची भिक्षा मागण्यास धाडतो. लोहाराच्याच मुलाने लोहारांकडे लोखंड मागावे आणि त्यांनी ‘आमच्याजवळ लोखंड नाही’ अशी खोटी शपथ वाहावी, यात जो दंश आहे तो आळीतल्या माणसासच पुरता कळतो. खोट्या शपथेने हलगूरवर अनर्थ ओढवतो. हा भाग चालला असता गग्गराचा खळखळाट ऐकावा. कथेत धातूचे नाव निघते आणि गायकाच्या डाव्या हातात धातूच बोलत असतो. मुद्दाम जुळविलेले नव्हे, पण जुळते खरे.

मलेमहादेश्वर हा श्रीशैलाच्या बाजूने आलेला शैव साधू. सुत्तूर, कुंतूर येथील मठांत राहून तो पूर्वेकडील ७७ डोंगरांच्या रानात गेला, वाघावर बसून फिरला, आणि श्रवण नावाच्या मदांध राजाचा त्याने नाश केला. त्याच्या काव्याचे अध्याय ‘साळ’ म्हणजे ओळी या नावाने ओळखले जातात. त्यांत सरगूरय्य नावाच्या भक्ताचाही एक साळ आहे. सरगूर हे नाव या प्रदेशात एकाच गावाचे नाही, तेव्हा त्यावर हक्क सांगण्याची घाई आपल्या सरगूरकरांनी करू नये हे बरे.

या काव्यातील संकम्मेचा साळ मात्र थांबून ऐकण्यासारखा आहे. संकम्मा ही सोलिग वन्य जमातीतील स्त्री. तिचा नवरा नीलेगौड रानात मधासाठी, शिकारीसाठी निघतो. आणि निघताना तिच्याकडून पातिव्रत्याची शपथ मागतो. ती शपथ घेण्यास नकार देते. ती काही दोषी आहे म्हणून नव्हे. मी तुझी बायको आहे, चोर नव्हे, असा त्या नकाराचा भाव. नवरा तिचे अतोनात हाल करतो आणि तिला रानातील झोपडीत टाकून जातो. तेथे महादेश्वर जंगमाच्या वेषाने येतो, तिला सोडवितो आणि संतानाचा वर देतो. परतलेल्या नवऱ्याचा संशय आणि संकम्मेची दिव्ये हे पुढचे कथानक. सीतेची आठवण होणे अपरिहार्य आहे. परंतु सीतेची कथा राजकवींनी लिहिली. ही कथा मेंढपाळ आणि शेतमजूर गातात, आणि ऐकणाऱ्यांत ओट्याच्या कडेला बसलेल्या बायकाच पुष्कळ असतात. शपथ नाकारण्याचा प्रसंग गायक किती लांबवितो हे त्या बायकांच्या चेहऱ्यावर अवलंबून असते. छापील पुस्तकात तो तेवढाच राहतो. ओट्यावर तो दर रात्री निराळ्या मापाचा होतो.

आणि येथेच मेळ लहान का, याचा उलगडा होतो. सामान्य समज असा की हे लोक दरिद्री, म्हणून वाद्ये थोडी, म्हणून माणसे थोडी. दारिद्र्य आहे, यात संशय नाही. पण मेळाचे माप त्यावरून पडलेले नाही. भिक्षेच्या फेऱ्यावर निघालेल्या मेळास गावोगाव पायी जावयाचे असते. ज्या घरी रात्र काढावयाची ते घर शेतकऱ्याचे. नाचणीचे मुद्दे किती पानांवर वाढता येतील याला मर्यादा असते. ओटा चार हात रुंद. ऐकणारे पन्नास-शंभर, आणि त्यांस शब्द कळला पाहिजे, कारण गाणे कथेचे आहे. दहा वाद्ये आली की शब्द बुडतो. एकटा गायक असला तर तीन तासांत त्याचा कंठ बसतो. हिम्मेळ ओळ उचलतो तेवढ्या अवकाशात तो श्वास घेतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढची ओळ आठवितो, किंवा घडवितो. दुसरा माणूस म्हणजे गायकाचा श्वास आणि त्याची स्मृती. तिसरा म्हणजे ताल. चौथा आला तर स्वागत आहे, नाही आला तरी कथा अडत नाही.

जगात इतरत्रही माणसांनी हेच गणित मांडलेले दिसते. राजस्थानात पाबूजीची पड दाखविणारे भोपा आणि भोपी दोघेच. त्याच्या हाती रावणहत्था, तिच्या हाती दिवा. छत्तीसगढच्या पंडवानीत मुख्य गायकासमोर ‘रागी’ बसतो आणि हुंकार भरीत, प्रश्न विचारीत कथा पुढे ढकलतो. बंगालचा बाऊल एका हाताने एकतारा आणि दुसऱ्या हाताने डुग्गी वाजवितो, म्हणजे नीलगारासारखीच देहाची वाटणी करतो. युरोपात गुसले नावाच्या एकतारी वाद्यावर गाणाऱ्या गायकांचा शोध घेत मिल्मन पॅरी हा अमेरिकन पंडित १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरला. होमरची काव्ये कशी रचली गेली असतील, हा त्याचा प्रश्न होता. माँटेनिग्रोमध्ये अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने त्यास १२ हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य सांगितले. पॅरी लवकरच वारला. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने १९६० साली ग्रंथ लिहून दाखवून दिले की असा गायक पाठ म्हणत नसतो, तर ठराविक शब्दबंधांच्या आणि प्रसंगांच्या आधाराने गाता गाता रचीत असतो. त्या ग्रंथाने पाश्चात्त्य विद्वत्तेत मोठी खळबळ उडाली. गोंधळ्यास किंवा नीलगारास तो वाचून दाखविला असता तर त्याने एवढेच विचारले असते की याला हिम्मेळ नव्हता काय? कारण अव्दो एकटाच गात असे.

आता थोडे आपल्याविषयी. म्हैसूर मुलुखात मराठी माणूस कधी नव्हता असे नाही. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर सर्वांस ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी व्ही. पी. माधवराव (१९०६ ते १९०९) आणि सर टी. माधवराव यांचे चिरंजीव टी. आनंदराव (१९०९ ते १९१२) हे म्हैसूरचे लागोपाठचे दोन दिवाण तंजावर-कुंभकोणकडील मराठी घराण्यांतले. त्यांच्या काळी म्हैसूरचा राजवाडा संगीताने गजबजलेला होता. चौथ्या कृष्णराज वडियारांच्या पदरी वीणावादक शेषण्णा यांच्यासारखे कलावंत होते. पाश्चात्त्य वाद्यवृंद निराळा आणि कर्नाटक वाद्यवृंद निराळा. खांसाहेब अब्दुल करीम खां यांनीही या दरबारी हजेरी लावली होती. पुढे जयचामराज वडियारांनी तर कमालच केली : निकोलाय मेट्नर नावाच्या, लंडनमध्ये उपेक्षित राहिलेल्या वृद्ध रशियन संगीतरचनाकाराच्या कृती ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचा पैसा खर्च केला. मेट्नरने कृतज्ञतेने आपली एक मोठी रचना म्हैसूरच्या महाराजांस अर्पण केली. हे औदार्य थोर होते. त्याची थट्टा करण्याचा हेतू नाही. पण म्हैसूरच्या खजिन्यातून लंडनमधील रशियन संगीत तबकडीवर चढत होते, त्या वेळी राजवाड्यापासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर सिद्धप्पाजीचे लोखंड आणि संकम्मेची शपथ कोणत्याही तबकडीवर नव्हती, ही गोष्टही इतिहासाचीच आहे. दिवाणांनी आणि त्यांच्या हाताखालच्या आमच्या मराठी कारकुनांनी राजवाड्याचे दार पाहिले. ओट्याचे पाहिले नाही. बदलीवर गेलेला माणूस बहुधा असाच राहतो. भाजीवाल्यापुरती कानडी, साहेबापुरती इंग्रजी आणि घरात मराठी. या तिहींच्या मधल्या फटीतून रात्रीचे गाणे निसटून जाते.

नोंद झाली ती पुढे, आणि कानडी विद्वानांनी केली. म्हैसूर विद्यापीठात १९६६ साली कन्नड अध्ययन संस्था निघाली. १९६८ मध्ये तिच्या आश्रयाने लोकसंस्कृतीचे संग्रहालय उभे राहिले, आणि ते जयलक्ष्मी विलास या राजवाड्यातच नांदू लागले. एका राजकन्येसाठी बांधलेल्या प्रासादात नांगर, मुखवटे आणि कंसाळी मांडली गेली. जी. शं. परमशिवय्या यांनी दक्षिण कर्नाटकातील धंदेवाईक लोकगायकांचा कसून अभ्यास केला; पी. के. राजशेखर यांनी मलेमहादेश्वराचे काव्य गायकांकडून उतरवून घेऊन प्रसिद्ध केले. के. केशवन प्रसाद यांनी संकलित केलेला एक पाठ इंग्रजीत येऊन २००१ साली साहित्य अकादमीने छापला. त्याच्या मुखपृष्ठावर ‘हेब्बणी मादय्य आणि त्यांचा मेळ’ यांचे नाव आहे. गायकाबरोबर मेळाचाही उल्लेख करण्याची ही नीट दृष्टी आपल्याकडील संकलनांत क्वचितच आढळते. झीलकऱ्यांची नावे आपण कधी छापली?

मराठीत या वाटेवरचे पहिले मोठे पाऊल रा. चिं. ढेरे यांचे. त्यांचा ‘खंडोबा’ १९६१ साली निघाला, आणि जेजुरीचा मल्हारी, कर्नाटकाचा मैलार व आंध्राचा मल्लण्णा हे एकाच देवाचे तीन भाषांतील मुक्काम आहेत हे मराठी वाचकाच्या दृष्टीस आले. पुढे जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनी मेंढपाळांच्या पाठीमागे हिंडून तीच वाट रुंद केली. म्हैसूरकडचे गोरव हे या मैलाराचे भक्त. काळी घोंगडी, अस्वलाच्या कातड्याची टोपी, एका हाती डमरू आणि ओठाशी बासरी. कुत्र्याप्रमाणे भुंकण्याचे त्यांचे व्रत आपल्या वाघ्यांसही ठाऊक आहे. तेव्हा सरगूरच्या बाजारी एखादा गोरव दिसला तर मराठी माणसाने त्यास परका समजू नये. तो नात्यातला आहे.

आजची स्थिती मात्र चिंतेची आहे, आणि चिंता निराळ्याच जागी आहे. कंसाळे मेले असे कोणी म्हणू शकणार नाही. म्हैसूरच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत पिवळे-तांबडे पोशाख केलेले कंसाळेकरी रांगा धरून नाचतात. तबकड्या डोक्यावरून, पाठीमागून, गुडघ्याखालून फिरतात. लोक टाळ्या देतात. शाळांतून मुलांना ते शिकवितात. चित्रपटांनी त्याचा ठेका घरोघर नेला. २०२० साली संकम्मेच्या साळातील गाणे नव्या ढंगाच्या एका चित्रफितीत आले, तेव्हा भक्तांनी ते भलत्याच रीतीने दाखविले म्हणून एवढा आक्षेप घेतला की ती फीत काढून घ्यावी लागली. म्हणजे लोकांस देवाची चाड आहे. वाढले आहे ते नाचाचे अंग. रंगमंचावर दहा मिनिटे मिळतात. दहा मिनिटांत तबकडी फिरविता येते, संकम्मेस शपथ नाकारता येत नाही. तिघांचा मेळ तिसाचा झाला, आणि त्या तिसांत गोष्ट सांगणारा उरला नाही. म्हैसुरात १९३५ साली प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी खाजगी नभोवाणी सुरू केली आणि तिचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाने उचलले. तेव्हापासून गाण्याचे माप घड्याळावर पडू लागले, आणि ते पुढे लहानच होत गेले.

दुसरी गोष्ट धरणाची. कबिनीवरचे धरण सरगूरपासून जवळच, बीचनहळ्ळीपाशी, १९७४ मध्ये पुरे झाले. त्याखाली शेते भिजली, उन्हाळी पीक आले, शहरांस पाणी मिळाले. काकनकोट्याचे जुने रान आणि त्या काठची गावे पाण्याखाली गेली. गाव उठले की माणसे दुसरीकडे बसतात आणि देवळेही हलविता येतात. भिक्षेचा फेरा मात्र हलविता येत नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या गावी, कोणाच्या ओट्यावर कोणता साळ, हे नकाशात नसते, गायकाच्या पायांत असते. पुनर्वसनाच्या याद्यांत घरे, झाडे, विहिरी मोजल्या जातात. त्या याद्या करणाऱ्या अधिकाऱ्यांत आपल्यापैकी कोणी असेल तर त्यास ठाऊक असेल की ओट्यासाठी रकाना नसतो.

तरीही कथा ऐकता येते. नीलगारांस शोधावयाचे तर पौषी पौर्णिमेस चिक्कळ्ळूरच्या जत्रेस जावे. हे ठिकाण कोळ्ळेगाल तालुक्यातले. १९५६ पर्यंत हा तालुका मद्रास राज्याच्या कोइमतूर जिल्ह्यात होता, आणि म्हैसूरचे नीलगार तेव्हा परराज्यात जाऊन आपल्या गुरूस भेटत. पहिल्या रात्री ‘चंद्रमंडल’ पेटवितात; बांबूच्या सांगाड्यास कापड गुंडाळलेले ते मंडल ज्या दिशेस अधिक उजळून जळेल तिकडे पाऊसपीक चांगले असा समज आहे. ती गर्दी ओसरल्यावर मैदानात जागोजागी तंबुऱ्या लागतात. महादेश्वराच्या डोंगरावर शिवरात्र, उगादी, महालय अमावास्या आणि दिवाळी या वेळा धराव्यात. मात्र जत्रेत मेळ ऐकणे आणि खेड्यात ऐकणे यांत फरक आहे. सरगूरकडे एखादा कानडी सहकारी असेल तर त्यास सांगून ठेवावे, शेतकऱ्याच्या घरी कथा लागेल त्या दिवशी कळव म्हणून. जेवण करून जावे, घोंगडी न्यावी, ध्वनिवर्धक लावण्याचा आग्रह होऊ लागला तर नम्रपणे मोडता घालावा. ओट्यावर पुढे बसण्यासाठी मान मिळेल, तो घेऊ नये. हिम्मेळाच्या बाजूस बसावे, तेथून गायकाचा डावा हात दिसतो. कानडी कळत नसेल तर पहिला तास जड जाईल. नंतर झील ओळखीची वाटू लागते. पहाटे कथा जेथे थांबेल तेथे साळाचे नाव विचारून घ्यावे, म्हणजे पुढच्या रात्री कोठून ऐकावयाचे ते कळते.